कोरियन युद्ध (१९५०–१९५३): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२५ जून १९५० ला सुरू झालेलं आणि २७ जुलै १९५३ ला थांबलेलं कोरियन युद्ध आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात दोन-तीन ओळींत उरकतं. मराठी वाचकांकडून या युद्धाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, विशेषतः युद्धकैद्यांविषयीची. या युद्धाचा खरा पेच तिथेच होता आणि भारताचा, त्यातही एका कोल्हापूरकर सेनानीचा, त्याच्याशी थेट संबंध आला.

कोरिया मुळात दुभंगला कसा? तिथे आधीपासून उत्तर-दक्षिण असं काही वैर होतं का?

नव्हतं. भाषा एक, लिपी एक, शेकडो वर्षांची राजवट एक. १९१० मध्ये जपानने कोरिया गिळला आणि पस्तीस वर्षं तिथे राज्य केलं. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण येणार हे स्पष्ट झालं, तेव्हा सोव्हिएत फौजा उत्तरेकडून कोरियात शिरू लागल्या होत्या आणि सर्वांत जवळची अमेरिकी फौज ओकिनावात होती. १० ऑगस्टच्या रात्री वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन कर्नलांना सांगण्यात आलं, की जपानी सैन्याची शरणागती कोणी कुठे घ्यायची याची रेषा सुचवा. त्यांच्यापुढे एक साधा नकाशा होता आणि वेळ अर्ध्या तासाचा. राजधानी सेऊल आपल्या बाजूला राहावी एवढं पाहून त्यांनी ३८ वं अक्षवृत्त निवडलं. स्टालिनने ते मान्य केलं. कोरियन माणसाला कोणी विचारलं नाही.

ती रेषा नदी पाहून आखलेली नव्हती, डोंगर पाहूनही नव्हती. तिने गावं कापली, रस्ते कापले, रेल्वेमार्ग कापले. तात्पुरती सोय म्हणून आखलेल्या त्या रेषेवर तीन वर्षांत दोन देश उभे राहिले.

दोन सरकारं कशी आली? निवडणूक घेऊन प्रश्न सुटला नसता का?

प्रयत्न झाला होता. संयुक्त राष्ट्रांनी निवडणुकीच्या देखरेखीसाठी एक आयोग नेमला आणि १९४८ च्या सुरुवातीला तो सेऊलला पोचला. त्याचे अध्यक्ष होते भारताचे के. पी. एस. मेनन. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी आयोगाला उत्तरेत पाऊल ठेवू दिलं नाही, म्हणून १० मे १९४८ ला निवडणूक झाली ती फक्त दक्षिणेत. १५ ऑगस्टला सिंगमन री यांचं सरकार सेऊलमध्ये आलं. ९ सप्टेंबरला किम इल-सुंग यांचं सरकार प्याँगयांगमध्ये.

री यांचं बहुतेक आयुष्य अमेरिकेत निर्वासित म्हणून गेलं होतं. किम मांचुरियात जपान्यांशी गनिमी लढाई लढून पुढे सोव्हिएत सैन्यात गेलेले, १९४५ मध्ये अवघ्या तेहतीस वर्षांचे. दोघेही कडवे राष्ट्रवादी होते. अखंड कोरियाचं खरं सरकार आपलंच, असं दोघेही म्हणत आणि तो कोरिया बळाने जोडायची दोघांचीही तयारी होती. युद्धाची मुळं शोधताना ही गोष्ट विसरता येत नाही.

मग युद्ध नक्की सुरू कोणी केलं?

२५ जून १९५० च्या रविवारी पहाटे उत्तर कोरियाने आक्रमण केलं. यात आता शंका राहिलेली नाही. उत्तरेचा आजही दावा असा, की दक्षिणेने आधी हल्ला केला. पण १९९० नंतर सोव्हिएत दप्तरं उघडली आणि १९९४ मध्ये रशियाचे राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांनी त्यांतली कागदपत्रं दक्षिण कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या हाती दिली. किम यांनी स्टालिनकडे परवानगीसाठी धरलेला हट्ट, १९५० च्या सुरुवातीला स्टालिनने दिलेला होकार, एप्रिलमधली किम यांची मॉस्को-भेट, मे महिन्यात माओची घेतलेली संमती हे सगळं त्यांत आहे.

पण म्हणून दक्षिण निष्पाप होती असंही नाही. १९४९ भर सीमेवर चकमकी झडत होत्या आणि त्यांतल्या कित्येक दक्षिणेने सुरू केलेल्या होत्या. जेजू बेटावर १९४८ पासून डाव्यांचा उठाव मोडण्याच्या नावाखाली दक्षिणेच्याच पोलिसांनी आणि सैन्याने हजारो गावकऱ्यांना मारलं होतं. २५ जूनच्या आधीच कोरियन माणूस कोरियन माणसाच्या हातून मरू लागला होता.

हे यादवी युद्ध म्हणायचं की महासत्तांचं?

दोन्ही. किम यांना स्टालिनचे रणगाडे मिळाले नसते तर आक्रमण झालं नसतं. री यांना अमेरिकेने वाचवलं नसतं तर त्यांचं राज्य दोन महिन्यांत संपलं असतं. पण लढण्याची इच्छा बाहेरून आलेली नव्हती. ‘महासत्तांनी बिचाऱ्या कोरियनांना झुंजवलं’ एवढंच म्हणणं मला पटत नाही. त्यात कोरियन नेत्यांची जबाबदारी अलगद नाहीशी होते.

संयुक्त राष्ट्रं युद्धात कशी उतरली? रशियाने नकाराधिकार का वापरला नाही?

कारण रशियाचा प्रतिनिधी सभागृहातच नव्हता. चीनची जागा तैवानला पळालेल्या चँग कै-शेक सरकारकडेच ठेवल्याच्या निषेधार्थ सोव्हिएत संघाने जानेवारी १९५० पासून सुरक्षा परिषदेवर बहिष्कार टाकला होता.

भारत त्या वेळी परिषदेचा अस्थायी सदस्य होता आणि जून महिन्याचं अध्यक्षपद बेनेगल नरसिंग राव यांच्याकडे होतं. आपली राज्यघटना घडवण्यात सल्लागार म्हणून ज्यांचा मोठा वाटा, तेच हे राव. हल्ला थांबवा असं सांगणाऱ्या २५ जूनच्या ठरावाला भारताने पाठिंबा दिला. दक्षिणेला मदत करा असं सांगणारा २७ जूनचा ठरावही नंतर मान्य केला. मात्र ७ जुलैला अमेरिकेच्या हाताखाली संयुक्त सेनापतित्व स्थापण्याचा ठराव आला, तेव्हा भारत, इजिप्त आणि युगोस्लाव्हिया तटस्थ राहिले. आक्रमणाला आक्रमण म्हणायचं, पण एका गटाच्या फौजेत सामील व्हायचं नाही, ही नेहरूंची भूमिका तिथे पहिल्यांदा कसाला लागली.

सोळा देशांनी लढाऊ सैन्य पाठवलं. त्यांत तुर्कस्तान होता, इथिओपिया होता, कोलंबिया होता. भारतासह पाच देशांनी वैद्यकीय पथकं पाठवली.

पहिल्या वर्षात नेमकं काय घडलं? क्रम समजत नाही.

क्रम समजत नाही याचं कारण, आघाडी अख्ख्या देशावरून वर-खाली फिरली. थोडं सविस्तर सांगतो.

उत्तरेकडे दीडशेच्या आसपास सोव्हिएत टी-३४ रणगाडे होते, दक्षिणेकडे एकही नव्हता. तीन दिवसांत सेऊल पडलं. २८ जूनच्या पहाटे दक्षिणेच्याच सैन्याने हान नदीवरचा पूल उडवला. त्या वेळी तो पळणाऱ्या लोकांनी भरलेला होता. शेकडो माणसं तिथेच गेली आणि सैन्याचा मोठा भाग नदीच्या चुकीच्या काठावर अडकला. जपानमधून घाईने आणलेली पहिली अमेरिकी तुकडी ५ जुलैला ओसानजवळ धुळीला मिळाली. ऑगस्टपर्यंत दक्षिणेकडे उरला होता तो पुसान बंदराभोवतीचा आग्नेय कोपरा.

१५ सप्टेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे अमेरिकी सेनापती जनरल डग्लस मॅकआर्थर यांनी सेऊलजवळच्या इंचॉन बंदरात फौज उतरवली. तिथे भरती-ओहोटीत जवळजवळ नऊ मीटरचा फरक पडतो आणि नौका लावायला दिवसातले मोजके तासच मिळतात. त्यांच्याच अधिकाऱ्यांना हा बेत वेडेपणाचा वाटत होता. तो यशस्वी झाला. उत्तरेच्या फौजेची रसद तुटली, सप्टेंबर संपता संपता सेऊल परत मिळालं.

इथे युद्ध थांबू शकलं असतं. आक्रमक मागे हटला होता, संयुक्त राष्ट्रांचं मूळ उद्दिष्ट पुरं झालं होतं. पण फौजा ३८ वी रेषा ओलांडून उत्तरेत शिरल्या. १९ ऑक्टोबरला प्याँगयांग पडलं. त्याच रात्री चिनी सैन्य सीमेवरची यालू नदी ओलांडून गुपचूप कोरियात उतरू लागलं.

नोव्हेंबरच्या अखेरीस चिन्यांनी खरा घाव घातला. चोसिन जलाशयापाशी उणे तीस अंशांच्या थंडीत अमेरिकी मरीन सैनिक वेढ्यातून लढत समुद्राकडे निघाले. डिसेंबरमध्ये हंगनाम बंदरातून सैन्याबरोबर सुमारे एक लाख नागरिकांनाही बाहेर काढण्यात आलं. ‘मेरेडिथ व्हिक्टरी’ नावाच्या मालवाहू जहाजावर जेमतेम साठ माणसांची सोय होती. त्यावर चौदा हजार निर्वासित चढले आणि जिवंत दक्षिणेला पोचले. वाटेत पाच बाळं जन्मली. पुढे २०१७ मध्ये दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष झालेले मून जे-इन यांचे आईवडील याच जहाजाने आले होते.

४ जानेवारी १९५१ ला सेऊल पुन्हा पडलं, १४ मार्चला पुन्हा परत घेतलं. नऊ महिन्यांत चार वेळा मालक बदललेल्या शहरात कोणी शिल्लक राहिलं असेल, तर प्रत्येक नवा मालक त्याच्याकडे आधीच्याशी हातमिळवणी केल्याच्या संशयाने पाहत होता. वसंतातले चिनी हल्ले परतवल्यावर, जून १९५१ पर्यंत, आघाडी पुन्हा ३८ व्या रेषेच्या आसपास येऊन थबकली.

चीन युद्धात उतरेल हे कोणाला कळलं नव्हतं का?

कळवण्यात आलं होतं, आणि तेही भारतामार्फत. २ ऑक्टोबर १९५० च्या मध्यरात्री चीनचे पंतप्रधान चाउ एन-लाय यांनी बीजिंगमधले भारताचे राजदूत सरदार पणिक्कर यांना बोलावून घेतलं आणि अमेरिकी फौजांनी ३८ वी रेषा ओलांडली तर चीन हस्तक्षेप करील, असं स्पष्ट सांगितलं. दिल्लीमार्गे हा निरोप काही तासांत लंडन-वॉशिंग्टनला गेला. वॉशिंग्टनने तो धाक घालण्याचा प्रकार समजून बाजूला सारला. पणिक्कर चीनकडे झुकलेले आहेत असा तिथे समज होता, म्हणून निरोपालाही किंमत मिळाली नाही.

नंतरची पावणेतीन वर्षं आणि त्यांतले लाखो मृत्यू या एका दुर्लक्षाला कितपत जोडायचे यावर मतभेद आहेत. मला स्वतःला वाटतं, संपूर्ण युद्धातली सर्वांत महाग पडलेली चूक हीच.

अणुबॉम्ब टाकण्याचा विचार खरंच झाला होता?

होय. ३० नोव्हेंबर १९५० ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी पत्रकारांपुढे अशा वापराचा विचार चालू असल्याचं म्हटलं आणि ब्रिटिश पंतप्रधान ॲटली घाईने वॉशिंग्टनला धावले. मॅकआर्थर यांना युद्ध चीनमध्ये न्यायचं होतं. ते वरिष्ठांच्या धोरणावर जाहीर टीका करू लागले, तेव्हा ११ एप्रिल १९५१ ला ट्रुमन यांनी त्यांना पदावरून काढलं. त्यांच्या जागी मॅथ्यू रिजवे आले.

१९५१ मध्येच आघाडी स्थिर झाली होती, तर युद्ध आणखी दोन वर्षं का चाललं?

कैद्यांवरून. जुलै १९५१ मध्ये केसाँगला बोलणी सुरू झाली, ऑक्टोबरात ती पानमुनजोमला हलली. सीमा कुठे असावी यावर काही महिन्यांत मतं जुळत आली. अडलं ते एका प्रश्नावर: ज्या युद्धकैद्याला परत जायचं नाही, त्याचं काय करायचं?

जिनिव्हा करार सांगतो, युद्ध संपलं की कैदी परत द्या. चीन आणि उत्तर कोरिया त्या अक्षरावर अडून बसले. पण अमेरिकेच्या ताब्यातल्या कैद्यांत कोण कोण होतं पाहा. दक्षिणेतले तरुण, ज्यांना उत्तरेच्या सैन्याने रस्त्यावरून उचलून भरती केलं होतं. चँगच्या फौजेतले जुने चिनी शिपाई, जे यादवीत हरल्यावर माओच्या फौजेत ढकलले गेले होते. त्याचबरोबर पक्के, निष्ठावान साम्यवादीही. कोणालाही बळाने परत पाठवणार नाही, असं ट्रुमन यांनी ठरवलं. दुसऱ्या महायुद्धानंतर परत पाठवलेल्या सोव्हिएत कैद्यांचे काय हाल झाले हे ताजं होतं, त्यामुळे या भूमिकेत माणुसकी होती. शीतयुद्धातला प्रचाराचा लाभही होता.

पण ‘कैद्याची इच्छा’ कळणार कशी? दक्षिणेच्या कोजे बेटावरच्या प्रचंड छावण्यांत आतलं राज्य कैद्यांच्या टोळ्यांचं होतं. काही कुंपणांत साम्यवादी, काहींत साम्यवादविरोधी. विरोधात बोलणाऱ्याला रात्री मारहाण होई, काहींचा जीव जाई, काहींच्या अंगावर घोषणा गोंदवल्या जात. मे १९५२ मध्ये कैद्यांनी छावणीचा प्रमुख असलेल्या अमेरिकी जनरललाच पकडून ठेवलं. अशा ठिकाणी ‘तुला कुठे जायचंय?’ या प्रश्नाला मोकळं उत्तर मिळणं अशक्य होतं.

तिकडे आघाडीवर माणसं टेकड्यांसाठी मरत होती. एखादी टेकडी घ्यायची, सोडायची, परत घ्यायची. नकाशावर त्याचा फरक नखाएवढा.

ही कोंडी फुटली कशी?

भारताच्या प्रस्तावाने वाट दाखवली आणि स्टालिनच्या मृत्यूने ती मोकळी झाली. १९५२ च्या शेवटी भारताचे कृष्ण मेनन यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मांडलेली योजना अशी: परत जाऊ न इच्छिणारे कैदी तटस्थ देशांच्या आयोगाच्या ताब्यात द्यावेत, तिथे दोन्ही बाजूंनी येऊन त्यांना समजावावं, मग कैद्यांनी ठरवावं. ३ डिसेंबर १९५२ ला ती ५४ विरुद्ध ५ मतांनी संमत झाली. विरोधात सोव्हिएत गट होता आणि चीननेही नकार कळवला. ५ मार्च १९५३ ला स्टालिन गेला, तेव्हा मॉस्को आणि बीजिंग दोघांचा सूर बदलला आणि थोड्याफार फरकाने हीच योजना शस्त्रसंधीत आली.

री यांनी मात्र ती उधळायचा प्रयत्न केला. त्यांना एकीकरणाशिवाय शस्त्रसंधी नको होती. १८ जून १९५३ च्या रात्री त्यांच्या हुकमावरून पहारेकऱ्यांनी छावण्यांची दारं उघडली आणि सुमारे सत्तावीस हजार साम्यवादविरोधी कोरियन कैदी रातोरात गावोगावी पांगले.

२७ जुलैला सकाळी दहा वाजता पानमुनजोममध्ये दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींनी एकमेकांशी एक शब्दही न बोलता सह्या केल्या. रात्री दहापासून तोफा थांबल्या. त्या कागदावर दक्षिण कोरियाची सही नाही.

भारतीय सैनिक कोरियात लढले होते का?

लढले नाहीत, पण गेले होते, दोन वेळा.

पहिल्यांदा गेलं ते साठावं पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स पथक, लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली. नोव्हेंबर १९५० मध्ये ते पुसानला उतरलं आणि थोड्याच दिवसांत चिनी हल्ल्याच्या तोंडी सापडलं. प्याँगयांग सोडताना औषधं-उपकरणं हलवायला वाहनं नव्हती. ती टाकून निघा असं सांगण्यात आलं. पथकातल्या जवानांनी एक बेवारस रेल्वे इंजिन शोधलं, बादल्यांनी पाणी आणून बॉयलर भरला, सामान डब्यांत चढवलं आणि पूल उडवला जाण्याआधी गाडी दक्षिणेकडे काढली. मार्च १९५१ मध्ये मुनसानजवळ अमेरिकी छत्रीधारी सैनिकांबरोबर या पथकाच्या डॉक्टरांनी आणि जवानांनीही विमानातून उड्या घेतल्या. रंगराज यांना महावीर चक्र मिळालं. पथकाने सैनिकांइतकेच नागरिकही तपासले. युद्धात दवाखाना म्हणून जे काही उरलं होतं, ते अनेक गावांसाठी हेच होतं.

दुसऱ्यांदा गेली ती शस्त्रसंधीनंतरची संरक्षक फौज. तिच्यासाठी वेगळा प्रश्न घेतो.

जनरल थोरात कोण? त्यांचा कोरियाशी काय संबंध?

शंकरराव पांडुरंग पाटील थोरात कोल्हापूरजवळच्या वडगावचे. १९४५ मध्ये ब्रह्मदेशातल्या आराकानच्या कांगाव लढाईत त्यांनी जपान्यांविरुद्ध पलटणीचं नेतृत्व केलं. त्याच ब्रिगेडमधल्या दुसऱ्या एका पलटणीचे प्रमुख थिमय्या होते. दोघांनाही त्या लढाईसाठी डीएसओ हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळाला. आठ वर्षांनी हे दोघे कोरियात पुन्हा एकत्र आले. थिमय्या पाच तटस्थ देशांच्या आयोगाचे अध्यक्ष, थोरात भारतीय संरक्षक फौजेचे प्रमुख.

काम अवघड होतं, आणि सुरुवातीपासून अपमानास्पद केलं गेलं. भारताला साम्यवाद्यांचा मित्र समजणाऱ्या री यांनी जाहीर केलं, की भारतीय जवानाचं पाऊल दक्षिण कोरियाच्या भूमीला लागता कामा नये. म्हणून इंचॉनला आलेल्या सुमारे सहा हजार जवानांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवण्यात आलं. त्यांनी आपल्या तळाला नाव दिलं हिंद नगर.

त्यांच्या ताब्यात आले सुमारे बावीस हजार सहाशे चिनी आणि कोरियन कैदी, ज्यांनी परतायला नकार दिला होता. दुसऱ्या बाजूचे साडेतीनशेहून थोडे अधिक, बहुतेक दक्षिण कोरियन, त्यांत तेवीस अमेरिकी आणि एक ब्रिटिश. बहुसंख्य कैदी भारतीयांकडे शत्रू म्हणूनच पाहत होते. ‘हे आपल्याला परत साम्यवाद्यांच्या हवाली करणार’ असं त्यांच्या मनात भरवलेलं होतं.

सप्टेंबरच्या अखेरीस चिनी कैद्यांच्या एका कुंपणात मेजर ग्रेवाल यांना ओढून नेऊन ओलीस धरलं गेलं. बळ वापरलं असतं तर ग्रेवाल जिवंत सुटले नसते आणि शेकडो कैदी मेले असते. थोरात निःशस्त्र आत गेले. संतापलेल्या जमावात उभं राहून बोलले, ऐकून घेतलं आणि आपला अधिकारी सोडवून बाहेर आणला. गोळी सुटली नाही. प्रत्येक वेळी असं जमलं नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कैद्यांच्या दंगलीत भारतीय जवानांना गोळीबार करावा लागला, त्यात काही कैदी मेले. थोरातांच्या या कामगिरीचा गौरव पुढे कीर्ती चक्राने झाला.

कैद्यांना समजावण्यासाठी नव्वद दिवस ठरले होते. कैद्यांनी घातलेला बहिष्कार आणि दोन्ही बाजूंचे डावपेच यांमुळे प्रत्यक्ष सत्रं जेमतेम दहा दिवस झाली. मन बदलून घरी परतले ते काही शेच. जानेवारी १९५४ मध्ये उरलेल्यांना ज्यांनी त्यांना आणलं होतं त्यांच्याकडे परत सोपवण्यात आलं. चौदा हजारांवर चिनी तैवानला गेले, कोरियन दक्षिणेत राहिले. एकवीस अमेरिकी साम्यवाद्यांकडेच राहिले. आणि ऐंशीहून थोडे अधिक कैदी असे होते, ज्यांनी ना उत्तर म्हटलं ना दक्षिण. ते भारतीय जवानांबरोबर जहाजाने भारतात आले. पुढे त्यांतले बरेच ब्राझील आणि अर्जेंटिनाला गेले, थोडे भारतातच राहिले.

नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या, संरक्षणाचा थोरातांचा आराखडा आणि १९६२ चं चीन युद्ध हे आपल्याकडे वारंवार आठवलं जातं. हिंद नगर मात्र कोल्हापुरातही फार जणांना ठाऊक नाही, याचं मला वाईट वाटतं.

एकूण किती माणसं मेली?

अंदाज वीस ते तीस लाखांच्या दरम्यान आहेत आणि त्यांत निम्म्याहून अधिक साधी माणसं होती. अमेरिकेचे छत्तीस हजारांवर सैनिक गेले, दक्षिण कोरियाचे सुमारे १,३७,०००. चीन अधिकृतपणे १,९७,००० हून अधिक मृत्यू मानतो. माओचा मुलगा माओ आनयिंग त्यांतला एक.

अमेरिकी विमानांनी कोरियावर ६,३५,००० टन बॉम्ब टाकले. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागराच्या अख्ख्या आघाडीवर टाकले त्यापेक्षा हे जास्त. नेपाम, म्हणजे चिकटून जळणारं आगीचं द्रव्य, ३२,००० टनांहून अधिक. उत्तरेतली शहरं सपाट झाली, लोक जमिनीखाली राहू लागले. मे १९५३ मध्ये भातशेतीला पाणी पुरवणारी धरणं फोडण्यात आली. उत्तर कोरियाच्या आजच्या अमेरिकाद्वेषाचा सरकारने वापर करून घेतला हे खरं, पण त्यामागे लोकांनी भोगलेलं काही नाही असं समजणं चुकीचं आहे.

नागरिकांच्या कत्तली कोणी केल्या?

सगळ्यांनी. तेजॉन शहराचंच पाहा. जुलै १९५० मध्ये माघार घेताना दक्षिणेच्या पोलिसांनी आणि सैन्याने डावे समजल्या गेलेल्या हजारो कैद्यांना शहराबाहेर नेऊन गोळ्या घातल्या. सप्टेंबरात उत्तरेचं सैन्य माघारी निघालं, तेव्हा त्याने त्याच शहरातल्या तुरुंगात आपल्या कैद्यांना मारलं. दुसऱ्या कत्तलीची स्मारकं झाली, पहिलीचं नाव काढणाऱ्याला दक्षिणेत कित्येक दशकं देशद्रोही ठरवलं गेलं. जुलैच्याच अखेरीस नो गन री या गावाजवळ रेल्वेपुलाखाली आसरा घेतलेल्या निर्वासितांवर अमेरिकी सैनिकांनी गोळीबार केला.

२००५ मध्ये दक्षिण कोरियाने सत्यशोधन आयोग नेमला. सामूहिक थडगी उकरली गेली, आपल्याच सरकारने केलेल्या हत्यांची नोंद झाली. उत्तरेत असं काहीही झालेलं नाही.

युद्ध कायद्याने संपलं आहे का?

नाही. १९५३ चा कागद फक्त शस्त्रसंधीचा. शांतता करारासाठी १९५४ मध्ये जिनिव्हात परिषद भरली, ती निष्फळ ठरली.

सीमा जिथे होती तिथेच राहिली?

जवळपास. आजची रेषा ३८ व्या अक्षवृत्ताला तिरकी छेदते. पश्चिमेला केसाँग, म्हणजे जुन्या कोरियो राजवटीची राजधानी, युद्धापूर्वी दक्षिणेत होतं, आता उत्तरेत आहे. पूर्वेला सोक्चो युद्धापूर्वी उत्तरेत होतं, आता दक्षिणेत. रेषेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन किलोमीटर असा निर्लष्करी पट्टा आहे, लांबी सुमारे अडीचशे किलोमीटर.

ताटातूट झालेल्या कुटुंबांचं पुढे काय झालं?

अनेकांना आपण चार दिवसांत परतू असं वाटलं होतं. नवरा सैन्यात भरती होऊ नये म्हणून दक्षिणेकडे निघाला, बायको लेकराला घेऊन मागे थांबली, आणि मग रेषा बंद झाली. पत्र नाही, फोन नाही.

खुद्द दक्षिणेतही एकमेकांपासून हरवलेले हजारो जण होते. ३० जून १९८३ ला केबीएस वाहिनीने अशांना शोधण्याचा थेट कार्यक्रम सुरू केला. तो थोडा वेळ चालायचा होता, पण नोव्हेंबरपर्यंत मिळून ४५३ तास चालला. लोक गळ्यात पाट्या घालून स्टुडिओबाहेर रांगा लावून बसले: भावाचं नाव, गावाचं नाव, अंगावरची खूण. दहा हजारांहून अधिक कुटुंबांची गाठ पडली.

उत्तर-दक्षिण भेटी २००० पासून सुरू झाल्या. नाव नोंदवणारे १,३०,००० हून अधिक, निवड चिठ्ठ्या काढून. निवडलेल्यांना कुमगांग डोंगराच्या पायथ्याशी तीन दिवसांत मिळून जेमतेम अकरा-बारा तास मिळत. नव्वदीतली आई आणि सत्तरीतला मुलगा भेटायचे, मग वेगवेगळ्या बसमध्ये बसायचे आणि पुन्हा कधीच भेटायचे नाहीत. शेवटची भेट ऑगस्ट २०१८ मध्ये झाली. नाव नोंदवलेल्यांपैकी बहुतेक आता हयात नाहीत.

दोन्ही कोरिया एक होतील का?

एप्रिल २०१८ मध्ये मून जे-इन आणि किम जाँग-उन पानमुनजोममध्ये हात धरून रेषेच्या अलीकडे-पलीकडे गेले, तेव्हा आशा होती. जून २०२० मध्ये उत्तरेने केसाँगमधलं संयुक्त संपर्क कार्यालय स्फोटाने उडवलं. जानेवारी २०२४ मध्ये किम यांनी एकीकरणाचं ध्येयच सोडून दिल्याचं जाहीर केलं, आणि ऑक्टोबरात दोन्ही देशांना जोडणारे रस्ते सीमेपाशी उडवण्यात आले. दक्षिणेतल्या तरुण पिढीलाही एकीकरणाची ओढ आजी-आजोबांइतकी नाही. नजीकच्या काळात ते होईल असं मला दिसत नाही.

ही ठिकाणं पाहायला जाता येतं का?

दक्षिणेकडून जाता येतं. सेऊलहून इमजिनगाकपर्यंत स्वतः जाता येतं. १९५३ मध्ये सुमारे पावणेतेरा हजार कैदी ज्या पुलावरून परतले, तो ‘स्वातंत्र्य पूल’ तिथे आहे. निर्लष्करी पट्ट्याच्या लगतच्या भागात जायला परवानगी असलेल्या सहलीतूनच जावं लागतं आणि पासपोर्ट बरोबर लागतो. पानमुनजोमच्या निळ्या बराकी पाहण्याच्या सहली तणावानुसार बंद-चालू होतात, त्यामुळे निघण्याआधी चौकशी करा. बुसानमध्ये (वर आलेलं पुसान ते हेच) संयुक्त राष्ट्रांची दफनभूमी आहे, तिथे सुमारे तेवीसशे सैनिकांच्या कबरी आहेत. सेऊलच्या योंगसान भागातलं युद्धस्मारक संग्रहालय पाहायला पूर्ण दिवस हाताशी ठेवा.